छातीचे हाड गेल्यानंतर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गात आतापर्यंत वेतन, भाववाढ, जमीन आणि पाणी या प्रश्नांवर बोलणे झाले. माझ्याकडे आलेला विषय त्या मानाने लहान, एका माणसाच्या छातीएवढा आहे. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, नंतर जखमेत जंतुसंसर्ग शिरला, तो हाडात उतरला आणि छातीचे मधले हाड काढून टाकावे लागले, तर त्या माणसाचे पुढे काय होते? प्रश्न वैद्यकाचा आहे हे खरे. पण रुग्णालयाच्या दारातून तो माणूस बाहेर पडला की त्याच क्षणी हा प्रश्न घराचा, कामाचा, कायद्याचा आणि म्हणून आपलाही होतो, असे माझे म्हणणे आहे. मी स्वत: गेली सात वर्षे या हाडावाचून जगतो आहे. तेव्हा मी सांगेन त्यातले काही वाचलेले असेल, काही सोसलेले असेल. परंतु माझी कहाणी सांगून सहानुभूती मिळवावी यासाठी मी येथे उभा नाही. अशा माणसासाठी आपण काय करू शकतो, हे ठरवण्यापुरतीच ती कहाणी उपयोगाची आहे.

हे हाड कशासाठी असते?

गळ्याच्या खालच्या खळगीपासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत बोट फिरवले तर जे चपटे हाड लागते त्याला उरोस्थी म्हणतात. दोन्ही बाजूंच्या वरच्या सात-सात बरगड्या कूर्चेच्या साहाय्याने त्याला जोडलेल्या असतात, आणि खांद्यांकडे जाणारी गळ्याजवळची दोन हाडे त्याच्याच वरच्या भागावर टेकलेली असतात. म्हणजे छातीच्या पिंजऱ्याचा हा पुढचा खांब. त्याच्या मागे हृदय असते. हृदयापर्यंत पोहोचायचे तर हा खांब मधोमध उभा चिरून दोन्ही बाजू फाकवणे, हा शल्यविशारदाला सर्वांत सोयीचा रस्ता. कैरो येथे काम करणाऱ्या हर्बर्ट मिल्टन या शल्यविशारदाने १८९७ साली तो दाखवून दिला आणि १९५७ नंतर, अमेरिकेतील ऑर्मंड ज्युलियन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखानंतर, तो हृदयशस्त्रक्रियेचा राजमार्ग झाला. काम आटोपल्यावर हाडाचे दोन भाग पोलादी तारांनी एकत्र बांधतात आणि ते सांधण्यासाठी काही आठवडे वाट पाहतात.

बायपास शस्त्रक्रियेचे नाव रेने फाव्हालोरो यांच्याशी जोडलेले आहे. अर्जेंटिनातील एका खेड्यात सुमारे बारा वर्षे गावडॉक्टर म्हणून काम करून हा मनुष्य अमेरिकेत क्लीव्हलंडला गेला आणि १९६७ साली त्याने पायाची नीला काढून हृदयाच्या धमनीला वळसा देण्याची पद्धत रूढ केली. नंतर तो मायदेशी परतला आणि तेथे त्याने संस्था उभारली. सरकारी आणि सामाजिक विम्याच्या यंत्रणांकडून येणे असलेला पैसा वेळेवर येईना, संस्था कर्जात बुडाली, आणि २००० साली त्याने आपले जीवन संपवले. आपल्या देशात पहिली बायपास शस्त्रक्रिया १९७५ साली मद्रासमधल्या पेरांबूर येथील रेल्वेच्या रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. रेल्वे कामगारांसाठी चालवलेल्या सार्वजनिक रुग्णालयात हे प्रथम घडले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. या दोन्ही हकिगतींमधून एकच गोष्ट दिसते. हात कितीही कुशल असला तरी त्याच्यामागे पैसा, माणसे आणि व्यवस्था उभी असावी लागते.

जंतू शिरतो तो कोठून?

छाती उघडलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण एक ते चार जणांच्या जखमेत संसर्ग खोलवर, हाडापर्यंत पोहोचतो. संख्या लहान वाटते. पण शस्त्रक्रिया हजारोंनी होतात हे लक्षात घेतले म्हणजे ती लहान राहत नाही. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, फुप्फुसाचा जुना आजार, रक्तस्रावामुळे छाती पुन्हा उघडावी लागणे, या सर्वांनी धोका वाढतो. आणखी एक कारण समजून घेण्यासारखे आहे. बायपाससाठी छातीच्या आतल्या बाजूने जाणारी धमनी वापरली तर ती फार वर्षे टिकते, म्हणून ती वापरणे योग्यच. परंतु उरोस्थीला रक्त पुरवणारीही तीच असते. दोन्ही बाजूंच्या धमन्या काढल्या आणि रुग्ण मधुमेही असला, तर करवतीने कापलेल्या हाडाला रक्त कमी पडते. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे औषधही पोहोचत नाही.

बहुतेक वेळा हा संसर्ग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे रुग्ण घरी परतल्यावर प्रकट होतो. ताप येतो, पट्टी पुन्हा पुन्हा ओली होते, खोकताना किंवा कूस बदलताना छातीत हाड सरकल्यासारखे ‘कट्’ होते. कार्यकर्त्यांनी ही तीन चिन्हे पाठ करावीत. गावात कोणी बायपास करून आला असेल आणि यातले एक जरी दिसले, तर ‘जखम आहे, थोडे व्हायचेच’ असे म्हणून दिवस घालवू नयेत. त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात पोहोचवावे. उशिराने हाड जाते, आणि पुष्कळदा माणूसही जातो.

पूर्वी अशा संसर्गात मृत्यूचे प्रमाण मोठे होते. १९६३ च्या सुमारास जखम बंद ठेवून नळ्यांनी धुण्याची पद्धत आली. १९७६ साली पोटातील वपा, म्हणजे आतड्यांपुढचा चरबीचा रक्ताळ पडदा, छातीत आणून पोकळी भरण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. १९८० साली अटलांटा येथील जर्कीविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडलेले हाड काढून छातीचे मोठे स्नायू मध्यभागी वळवण्याची पद्धत मांडली, आणि त्यानंतर मृत्यूचे प्रमाण बरेच उतरले. जखमेवर स्पंज बसवून यंत्राने स्राव ओढून घेणारी पट्टी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आली. आज हाडाच्या जागी टायटॅनियमच्या पट्ट्याही काही ठिकाणी बसवतात. २०१५ साली स्पेनमध्ये सालामांका येथे, छातीत गाठ झालेल्या एका रुग्णाला, छपाईयंत्रासारख्या यंत्रावर थर रचून घडवलेली टायटॅनियमची उरोस्थी बसवण्यात आली. परंतु जेथे नुकता जंतू होता तेथे धातू ठेवणे धोक्याचे, म्हणून संसर्गाने हाड गमावलेल्या पुष्कळांना हाडावाचूनच जगावे लागते.

माझ्या बाबतीतही हेच झाले. छप्पन्नाव्या वर्षी बायपास झाली, मधुमेह आधीपासून होता. अठराव्या दिवशी पट्टी ओली झाली. तारा काढल्या, दोन वेळा हाड खरवडले, तिसऱ्या वेळी ते काढले. वरचा, गळ्याजवळचा तुकडा राखता आला. दोन्ही बाजूंचे स्नायू मध्यभागी ओढून शिवले. रुग्णालयात अकरा आठवडे गेले.

हाडावाचूनचे दिवस

आता जगण्याविषयी. पहिली गोष्ट अशी की माणूस जगतो, आणि पुष्कळ बाबतीत अपेक्षेहून बरा जगतो. श्वास चालतो, चालता येते, जिना चढता येतो. बरगड्या पुढून जोडलेल्या नसल्या तरी मागे कण्याला जोडलेल्या असतात, आणि मध्ये घट्ट झालेला व्रण हळूहळू दोरीसारखे काम करू लागतो. ज्याच्यावर नुकतीच ही वेळ आली आहे त्याला हे पहिल्यांदा सांगावे, कारण त्याला वाटत असते की आपण आता फुटक्या मडक्यासारखे झालो.

दुसरी गोष्ट अशी की काही गोष्टी परत येत नाहीत. खोल श्वास घेतला की छातीचा मधला भाग आत जातो. खोकला आला की बाहेर येतो. सडपातळ माणसाच्या कातडीखाली हृदयाचा ठोका डोळ्यांना दिसतो. छातीच्या मध्यावर स्पर्श कळत नाही, आणि त्याच्या कडेला मात्र सदऱ्याचे कापडही टोचते. जो स्नायू मध्यभागी वळवला त्याचे मूळचे काम हात पुढे रेटणे आणि दोन्ही हात जवळ आणणे हे होते. तेव्हा जड दरवाजा ढकलणे, हापसा मारणे, पिठाचा डबा उचलणे, लहान मुलाला काखेत हात घालून वर घेणे, यांत बळ कमी पडते. अंथरुणातून सरळ उठता येत नाही. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, कोपराच्या आधाराने उठावे लागते. खोकताना किंवा शिंकताना उशी छातीशी दाबून धरावी लागते. मी अजूनही एक लहान उशी पिशवीत बाळगतो. थंडीत खांदे आणि पाठ धरते, कारण पुढचा खांब नसल्याने पाठीचे स्नायू त्याचाही भार वाहतात.

हृदय आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये आता फक्त स्नायू आणि कातडी आहे, ही जाणीव प्रत्येक गर्दीत जागी होते. गर्दीच्या बसमध्ये मी हात छातीपुढे आडवे धरून उभा राहतो. लोकांना तो उर्मटपणा वाटतो. रिक्षाच्या पुढच्या दांडीवर आपटू नये म्हणून मधोमध बसतो. स्त्रियांचा त्रास याहून निराळा आहे. स्तनांच्या वजनाने जखम दोन्हीकडे ओढली जाते, आतले कपडे नेमके व्रणावर येतात, आणि घरातली कामे तर सगळी उचलण्या-ओढण्याचीच असतात. ‘आता बरी झाली आहेस ना?’ हा प्रश्न तिला लवकर आणि वारंवार विचारला जातो. खिशात एक चिठ्ठी असावी. ‘या व्यक्तीला छातीचे मधले हाड नाही’, सोबत शस्त्रक्रियेची तारीख आणि औषधे, मराठीत व इंग्रजीत. बेशुद्ध पडल्यास छाती कशी हाताळावी हे आपल्या डॉक्टरला विचारून त्यावर लिहून घ्यावे. हा सल्ला कोणत्याही कार्यकर्त्याला देता येईल. त्याला पैसा लागत नाही.

कामावर परतण्याचा प्रश्न

मी एका खाजगी छापखान्याच्या बांधणी खात्यात होतो. कागदाची रिमे उचलणे, गठ्ठे दाबयंत्राखाली सारणे, हेच माझे काम. पाच महिन्यांनी मी परत गेलो तेव्हा व्यवस्थापनाने सभ्यपणे सांगितले की पूर्वीचे काम तुमच्याने होणार नाही आणि दुसरे आमच्याकडे नाही. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. त्यांच्या हिशेबात कामगार म्हणजे तो उचलत असलेले वजन, आणि ते वजन आता शून्य होते.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजतो. कुष्ठरोगातून बरे झालेले, आम्लहल्ला झालेले, हीमोफिलिया असलेले, यांना त्यात जागा मिळाली ही चळवळीची मोठी कमाई आहे. छातीचे हाड गेलेल्याचे नाव त्यात नाही. तपासणी मंडळापुढे मनुष्य उभा राहिला की हातपाय हलतात का हे पाहतात, ते हलतात. सदरा काढल्याशिवाय काही दिसत नाही, आणि राखीव जागा किंवा अनेक सवलतींसाठी लागणारा चाळीस टक्क्यांचा आकडा कागदावर येत नाही. याच कायद्याच्या विसाव्या कलमात एक मोलाची तरतूद आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये, पद खाली आणू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे, आणि दुसरे नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. उत्तम तरतूद. पण ती शासकीय आस्थापनांपुरती. छापखान्यातला, गोदामातला, हमालीवरचा, बांधकामावरचा माणूस तिच्या कुंपणाबाहेर उभा आहे. कामगार राज्य विमा योजनेत असलेल्याला वर्षात एक्क्याण्णव दिवस वेतनाच्या सत्तर टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. असा संसर्ग झालेल्याचे एक्क्याण्णव दिवस कित्येकदा रुग्णालयाच्या खाटेवरच संपतात.

माझ्या बाबतीत तोड निघाली ती खात्यातल्या सहकाऱ्यांमुळे. युनियनने चार बैठका घेतल्या आणि असे ठरले की फर्मे मोजणे, क्रम लावणे आणि तपासणे हे काम एका जागेवर एकत्र करावे, आणि उचलण्याचे काम उरलेल्या पाच जणांनी वाटून घ्यावे. त्या पाच जणांच्या अंगावर रोजचे वजन वाढले. त्यांनी ते मुकाट्याने नव्हे, भांडून, हिशेब करून आणि जादा भत्ता मागून घेतले, आणि तेच योग्य होते. एकाचे अपंगत्व दुसऱ्यांच्या पाठीवर फुकट लादणे ही व्यवस्था टिकत नाही.

दोष कोणाचा?

येथे मला एक धोका दाखवायचा आहे. जंतुसंसर्ग झाला की आपला पहिला राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो. परिचारिकेवर, वॉर्डबॉयवर, फरशी पुसणाऱ्या बाईवर. थोडे विचार करून पाहा. शस्त्रक्रियेच्या खोलीची स्वच्छता, हत्यारे उकळून वाफेवर निर्जंतुक करणे, चादरी, पाणी, कचरा, ही सर्व कामे कोण करतात? बहुतेक ठिकाणी कंत्राटी कामगार. त्यांना पुरेसे हातमोजे नसतात, शिकवण्यासाठी वेळ दिला जात नाही, आणि कंत्राट बदलले की शिकलेला माणूस जाऊन नवा येतो. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे इतक्या खाटा असतात की दोन रुग्णांच्या मध्ये हात धुणे हीच चैन ठरते. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ साली दाखवून दिले की प्रसूतिगृहात डॉक्टरांनी क्लोरिनच्या द्रावणात हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू खूप कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या सूचनाही तशाच साध्या आहेत: आधी आंघोळ, वस्तऱ्याने केस न काढणे, प्रतिजैविक औषध छेदापूर्वीच्या दोन तासांत देणे, रक्तातली साखर ताब्यात ठेवणे. यांतले काहीही महाग नाही. ते रोज, प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत, न चुकता करायला माणसे लागतात. आणि नेमक्या माणसांवरच खर्च नको असतो.

अमेरिकेत २००८ पासून मेडिकेअर या सरकारी विम्याने ठरवले की बायपासनंतर छातीत खोल संसर्ग झाला तर त्याच्या उपचाराचे जादा पैसे रुग्णालयाला द्यायचे नाहीत. हे ऐकून आपल्याला बरे वाटते. पण काही डॉक्टर मित्र यावर जो आक्षेप घेतात तो मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, अशी शिक्षा लावली तर रुग्णालये मधुमेही, लठ्ठ, गरीब, उशिरा आलेल्या रुग्णाला हात लावणार नाहीत, किंवा संसर्ग झाला तरी कागदावर दुसरेच नाव लिहितील. आपल्याकडे ही भीती अधिकच खरी आहे. जेथे मोजणीच नाही तेथे दंड लावणे म्हणजे लपवण्याला बक्षीस देणे. म्हणून मोजणी आधी. आपल्या रुग्णालयांना संसर्गाचे प्रमाण जनतेपुढे मांडण्याचे बंधन नाही. इंग्लंडमध्ये सांध्यांच्या शस्त्रक्रियांपुरते तरी असे नोंदणीचे बंधन २००४ पासून आहे. रुग्ण किती जोखमीचे होते हे सोबत लिहून आकडा जाहीर झाला, तर जोखमीचा रुग्ण घेणाऱ्यावर अन्याय होणार नाही.

सरकारच्या योजनेचे मोल मी कमी लेखत नाही. २०१२ साली जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या योजनेमुळे ज्यांना बायपास स्वप्नातही शक्य नव्हती त्यांची ती झाली. परंतु तिची रचना शस्त्रक्रियेभोवती आहे. छाती उघडण्याला दर ठरलेला असतो; घरी आल्यावरच्या सहा महिन्यांच्या पट्ट्या, व्यायाम, बुडालेली मजुरी आणि सोबत राहणाऱ्या बायकोचा बुडालेला रोज, यांना दर नसतो.

आपण काय करावे?

माझ्या चार सूचना आहेत. पहिली, प्रत्येक सार्वजनिक आणि योजनेत सामील असलेल्या खाजगी रुग्णालयाने हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाचा आकडा, घरी गेल्यावर झालेल्या संसर्गासह, दरवर्षी जाहीर करावा, अशी मागणी जिल्हा पातळीवर लावून धरावी. दुसरी, शस्त्रक्रियागृह आणि निर्जंतुकीकरण विभागातील स्वच्छता कामगार कायम करावेत. ही त्या कामगारांची जुनी मागणी आहे. ती रुग्णांचीही आहे, हे सांगायला रुग्णांनी त्यांच्या मोर्चात गेले पाहिजे. तिसरी, प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा जखमेची पट्टी बदलणारी प्रशिक्षित परिचारिका आणि तालुक्याला व्यायामोपचार करणारा एक तज्ज्ञ असावा. चौथी, विसाव्या कलमाचे संरक्षण खाजगी आस्थापनांना लागू व्हावे, आणि छातीच्या पिंजऱ्याची हानी मोजण्याची पद्धत प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांना द्यावी.

हे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. रुग्णाने मागितल्यापासून बहात्तर तासांत त्याची कागदपत्रे द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लिहून द्या, पोच घ्या. घरी परतलेल्या माणसाकडे पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा जा, पट्टी कोरडी आहे का ते पाहा, साखर मोजली का ते विचारा. कामावर परतताना त्याच्याबरोबर जा, एकट्याला साहेबांपुढे उभे करू नका. आणि जो नुकताच या प्रसंगातून जात असेल त्याला माझ्याकडे पाठवा. उठायचे कसे, खोकायचे कसे आणि उशी किती मोठी घ्यायची, हे मी त्याला दाखवीन.